शर्यत घोड्यांची, खर्च पैजेचा

कोल्हापुरात ‘रेसकोर्स नाका’ म्हटले की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. पण ज्या शर्यतींवरून नाक्याला हे नाव पडले, त्या शहराच्या रोजच्या जगण्यातून केव्हाच गेल्या आहेत. आज महाराष्ट्रात परवान्याने चालणाऱ्या घोड्यांच्या शर्यती मुंबईत महालक्ष्मीला आणि पुण्यात, अशा दोनच ठिकाणी होतात आणि दोन्हींचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब पाहतो. तरीही एखादा माणूस रेसला जातो असे कळले की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घोडा नंतर येतो आणि कर्जबाजारी झालेला माणूस आधी येतो. मग प्रश्न असा, की ज्या प्रकाराचे जवळजवळ सगळे अर्थकारण पैजेवर चालते, त्याला कुस्ती किंवा फुटबॉलच्या पंक्तीत बसवून खेळ म्हणायचे की नाही? याचे उत्तर बहुतेक जण एका शब्दात देऊन मोकळे होतात. मैदानावर काय घडते, पैज लावण्याच्या खिडकीवर काय घडते आणि या सगळ्याचा खर्च कोण भागवतो, हे तीन निराळे विषय त्या एका शब्दात एकमेकांत मिसळून जातात. तिसऱ्याकडे तर सहसा कोणी पाहतच नाही, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

आधी मैदान पाहू. या शर्यतींत धावणारे घोडे थरोब्रेड जातीचे असतात. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्ये आणलेल्या बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत त्यांची पितृवंशावळ जाऊन पोहोचते आणि ती वंशवहीत नोंदलेली असते. भारतातली सर्वांत मानाची शर्यत म्हणजे इंडियन डर्बी. १९४३ पासून महालक्ष्मीला होणारी ही २,४०० मीटरची शर्यत साधारण अडीच मिनिटांत संपते. त्या अडीच मिनिटांत जॉकी खोगिरावर बसलेला नसतोच. रिकिबीत पाय रोवून, गुडघ्यांत वाकून, पाठ घोड्याच्या मानेला समांतर ठेवून तो तोललेला असतो आणि ताशी साठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगात, चहूबाजूंनी दुसरे घोडे असताना, आपल्या घोड्याचा दम कुठे राखायचा आणि कुठे मोकळा सोडायचा हे ठरवत असतो. सुरुवातीलाच घोडा मोकळा सोडला तर शेवटच्या चारशे मीटरांत तो गळतो; फार राखला तर पुढच्या घोड्यांच्या भिंतीतून वाट मिळत नाही. तालमीत वस्ताद पठ्ठ्याला जो दमाचा हिशेब शिकवतो, तोच इथे दोन जिवांचा मिळून करावा लागतो.

शर्यतीआधीची एक गोष्ट तर जवळून पाहण्यासारखी असते. पॅडॉक म्हणजे जिथे घोडे फिरवून प्रेक्षकांना दाखवतात ते रिंगण. मोतद्दार लगाम धरून घोड्याला तिथे फेऱ्या मारायला लावत असतो, त्याच सुमारास जॉकीला खोगिरासह काट्यावर उभे करतात. त्या शर्यतीत त्या घोड्याने साठ किलो वाहायचे ठरले असेल आणि जॉकी-खोगीर मिळून छप्पन्नच भरत असतील, तर उरलेल्या चार किलोंच्या शिशाच्या पट्ट्या खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत सरकवतात. शर्यत संपल्यावर पहिल्या क्रमांकांच्या जॉकींना पुन्हा त्याच काट्यावर यावे लागते, आणि वजन जुळल्याशिवाय निकाल पक्का मानला जात नाही. घोड्यांच्या रक्ताचे आणि लघवीचे नमुने उत्तेजकांच्या तपासणीसाठी घेतले जातात. दोन घोडे एकाच वेळी रेषा ओलांडत असतील तर निकाल छायाचित्रावर लागतो. नाकाएवढ्या अंतराने हार-जीत ठरणे ही तिथे नवलाची गोष्ट नाही. नियम, पंच, कसब, मेहनत, स्पर्धा ही खेळाची म्हणून जी लक्षणे आपण सांगतो, त्यांतले इथे काही उणे नाही.

धावतो घोडा, मग खेळाडू कोण, असा एक आक्षेप येतो. तो फार जुना आहे. प्राचीन ऑलिंपिकमध्ये रथांच्या शर्यतीचा मान सारथ्याला न मिळता मालकाला मिळत असे, आणि म्हणूनच इसवी सनपूर्व ३९६ मध्ये स्पार्टाची राजकन्या किनिस्का स्वतः रथ न हाकता ऑलिंपिक विजेती ठरली. आजच्या ऑलिंपिकमधल्या अश्वारोहणात मात्र घोडा आणि स्वार यांची जोडी एकक मानली जाते. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळवले तेव्हा हा खेळ आहे की नाही अशी शंका कोणी काढली नाही. तिथे घोड्याला ताल राखून चालवणे हा खेळ असेल, तर इथे त्याला वेगाने पळवणे खेळ नाही असे म्हणायला आधार उरत नाही. आक्षेपाचे मूळ घोड्यात नाहीच. ते खिडकीवर आहे.

खिडकीवरचा हिशेब समजला नाही तर पुढचा वाद समजत नाही, म्हणून तो जरा सावकाश पाहू. रेसकोर्सवर पैज दोन प्रकारे लागते. एक परवानाधारक बुकीकडे. तो प्रत्येक घोड्याचा भाव, म्हणजे तो घोडा जिंकल्यास लावलेल्या रुपयाला किती मिळतील ते, सांगतो आणि त्या भावाने पैसे घेतो, म्हणजे जिंकणाऱ्याशी त्याचा सरळ व्यवहार असतो आणि कोणता घोडा जिंकतो यावर त्याचा नफा-तोटा ठरतो. दुसरा प्रकार टोटचा, म्हणजे टोटलायझेटरचा. इथे सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमतात, त्यातून ठरलेला हिस्सा कापला जातो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत त्यांच्या पैशाच्या प्रमाणात वाटली जाते. समजा, एका शर्यतीवर एक लाख रुपये जमले आणि त्यातले वीस हजार कापले गेले. वाटायला राहिले ऐंशी हजार. ज्या घोड्यावर लोकांनी चाळीस हजार लावले होते तो जिंकला, तर दहा रुपयांचे वीस मिळतील. ज्याच्यावर फक्त पाच हजार लागले होते तो जिंकला, तर दहाचे एकशे साठ मिळतील. भाव कोणी ठरवत नाही, तो लोकांच्या पैशातून आपोआप तयार होतो. ही पद्धत पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने १८६० च्या दशकात काढली आणि सगळी बेरीज आपोआप करणारे जॉर्ज ज्युलियस याचे पहिले यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या रेसकोर्सवर बसले. टोट चालवणाऱ्याला कोणता घोडा जिंकतो याच्याशी देणेघेणे नसते, कारण त्याचा हिस्सा आधीच कापलेला असतो. या एका गोष्टीमुळे टोट बुकीपेक्षा स्वच्छ ठरतो. पण त्यातली दुसरी गोष्ट पैज लावणारे सहज विसरतात: खेळणाऱ्या सगळ्यांना मिळून प्रत्येक शर्यतीत वीस हजारांचा तोटा ठरलेलाच आहे. एखादा हुशार माणूस जिंकतो तो इतर खेळणाऱ्यांच्या खिशातून जिंकतो, क्लबाच्या नव्हे.

आता कायदा. आपल्या राज्यातला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा आहे. त्याने जुगाराच्या व्याख्येतून घोड्यांच्या शर्यतीवरची पैज वगळली, पण अटी घालून: पैज शर्यतीच्याच दिवशी लागली पाहिजे आणि परवानाधारक रेसकोर्सने त्यासाठी राखून ठेवलेल्या आवारात लागली पाहिजे. हा परवाना कोणी कसा द्यायचा ते १९१२ च्या रेसकोर्स परवाना कायद्याने ठरवले. म्हणजे त्याच घोड्यावर, त्याच रकमेची पैज महालक्ष्मीच्या आवारात लावणारा कायदेशीर ठरतो आणि आपल्या गल्लीत चोरून पैसे घेणाऱ्या माणसाकडे लावणारा गुन्हेगार ठरतो. घोडा, रक्कम आणि नशीब सगळे तेच असून फक्त आवार बदलले.

या सवलतीला तात्त्विक बैठक मिळाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने. तमिळनाडू सरकारने कायद्यात दुरुस्ती करून घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजेची सवलत काढून घेतली होती आणि पुढे मद्रास रेस क्लबच ताब्यात घेण्याचा कायदा केला होता. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. घोड्याची जात आणि अंगची ताकद, त्याला मिळालेले शिक्षण, जॉकीचे कसब यांवर निकाल ठरतो, आणि पैज लावणाराही हे सगळे अभ्यासून अंदाज बांधतो, म्हणून ही पैज त्या कायद्यांखाली जुगार ठरत नाही. कौशल्य आणि नशीब यांचा हा निकष आपल्या न्यायालयांत आधीच रुजला होता. १९६८ मध्ये रमीलाही त्याच निकषावर सूट मिळाली होती. मटक्याशी तुलना केली की निकालातला विचार पटतो. मटक्याचा आकडा काढण्यात अभ्यासाला जागाच नाही. रेसबुक घेऊन घोड्याच्या मागच्या धावा, अंतर, वजन, मैदानाचा ओलावा ताडून पाहणारा माणूस निदान काहीतरी ताडत असतो. त्या ताडण्याला किती अर्थ आहे? इंग्लंड-अमेरिकेतला दीर्घ अनुभव असा, की लोकांनी सर्वांत जास्त पैसे लावलेला घोडा साधारण तीन शर्यतींपैकी एक जिंकतो. निव्वळ नशीब असते तर दहा घोड्यांत हे प्रमाण दहाला एक पडले असते. निव्वळ कौशल्य असते तर शर्यत पाहायलाच कोणी गेले नसते.

तरीही या निकालाच्या तर्काने माझे पूर्ण समाधान होत नाही. जॉकीचे कौशल्य आणि पैज लावणाऱ्याचे कौशल्य या दोन वेगळ्या चिजा आहेत आणि पहिल्याच्या जोरावर दुसऱ्याला पावन करून घेण्यात थोडी चलाखी आहे. क्रिकेट हा कौशल्याचा खेळ आहे याबद्दल शंका नाही, क्रिकेटवर पैसे लावणाराही खेळपट्टी आणि गोलंदाज अभ्यासूनच लावतो, तरी क्रिकेटवरचा सट्टा आपल्याकडे गुन्हा आहे. २००० मध्ये हॅन्सी क्रोनिएचे प्रकरण उघडकीस आले आणि २०१३ मध्ये आयपीएलमध्ये स्पॉट फिक्सिंगच्या आरोपांवरून खेळाडूंना अटक झाली, तेव्हा क्रिकेट खेळ राहिला नाही असे कोणी म्हटले नाही. सट्ट्याने खेळ नासवला, असेच सगळे म्हणाले. मग घोड्यांच्या बाबतीत वेगळे माप का? त्याचे खरे कारण तर्कात नसून इतिहासात आहे. कायदा झाला तेव्हा राज्य इंग्रजांचे होते आणि रेस हा त्यांच्या जिव्हाळ्याचा शौक होता. अपवाद आधी आला, त्याचे तत्त्वज्ञान शंभर वर्षांनी आले.

क्रिकेट आणि घोड्यांची शर्यत यांत एक फरक मात्र खरोखरच आहे, आणि इथे आपण तिसऱ्या विषयाकडे येतो. क्रिकेटवरचा सट्टा उद्या पूर्ण थांबला तरी क्रिकेट थांबणार नाही, कारण त्याचा खर्च दूरचित्रवाणीचे हक्क, जाहिराती आणि तिकिटे भागवतात. भारतातल्या रेसकोर्सवर मैदान, पंच, प्रयोगशाळा आणि बक्षिसाचा मोठा भाग पैजेतून कापलेल्या हिश्शावर चालतो. पैज हा या खेळाला लागलेला रोग नाही. तो त्याचा अन्नदाता आहे.

प्रत्येक खेळाला असा कोणीतरी अन्नदाता लागतो, हे कोल्हापूरकराला पटवून द्यावे लागू नये. १९०२ च्या युरोप प्रवासात शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि त्यावरून कुस्तीच्या खासबाग मैदानाची कल्पना सुचली असे सांगतात; १९१२ मध्ये ते मैदान उभे राहिले. पैलवानांचा खुराक, वस्तादांचे मानधन, तालमींची डागडुजी हे सगळे दरबाराने उचलले म्हणून इथली कुस्ती देशात गाजली. राजाश्रय गेल्यावर तिकिटे, साखर कारखाने आणि देणगीदार पुढे आले. घोड्यांच्या शर्यतीही पैजेशिवाय चालू शकतात याचा पुरावा आखातात आहे. दुबई वर्ल्ड कप १९९६ पासून भरतो, सौदी कप २०२० पासून. दुसऱ्याची एकूण बक्षीस रक्कम दोन कोटी अमेरिकी डॉलर एवढी आहे. दोन्ही शर्यती सुरू झाल्या तेव्हा त्या देशांत पैज लावायला बंदी होती. तरीही जगातले उत्तम घोडे तिथे जातात, कारण तिथे राजघराणी खर्च करतात, म्हणजे खासबागेचाच प्रकार तेलाच्या पैशावर. पैज नसली की शर्यतीचे खेळपण उरत नाही, हे म्हणणे या दोन मैदानांनी खोटे ठरवले आहे. पण ज्याला तेलाच्या विहिरी नाहीत त्याने खर्च कसा भागवावा, याचे उत्तर त्यांनी दिलेले नाही.

आणि जो खर्च भागवतो तो नियमही वाकवतो. डर्बीसारख्या मानाच्या शर्यतीत एकाच वयाचे घोडे जवळपास सारखे वजन घेऊन धावतात, माद्यांना थोडी सूट असते, आणि उत्तम घोडा कोणता एवढेच पाहिले जाते. पण अशा शर्यती मोजक्या. रोजच्या शर्यती बहुतांशी हँडिकॅपच्या असतात: घोड्याच्या मागच्या कामगिरीवरून त्याला गुण देतात आणि जास्त गुणांच्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, म्हणजे सगळ्यांना जिंकण्याची संधी जवळपास सारखी व्हावी. मैदानात तोलामोलाची जोड लावतात तसेच हे दिसते, आणि काही अंशी ते खरेही आहे. परंतु कुस्तीत सरस पैलवानाच्या पायात कोणी शिसे बांधत नाही. उत्तम घोड्याला मुद्दाम मागे ओढण्यात पाहणाऱ्याची गंमत आहे, त्याहून जास्त पैज लावणाऱ्याची सोय आहे. कोण जिंकणार हे उघड असलेल्या शर्यतीवर भाव मिळत नाही आणि भाव नसला की पैसे जमत नाहीत.

या व्यवस्थेतून एक खास मोह जन्माला येतो. आज घोडा जरा आवरून पळवला, मागे राहू दिला, की त्याचे गुण घसरतात. पुढच्या वेळी तो हलक्या वजनाने, चढ्या भावाने उतरतो आणि ज्यांना आतली गोष्ट माहीत आहे त्यांचे उखळ पांढरे होते. कोल्हापूरच्या माणसाला नुरा कुस्ती वेगळी समजावून सांगायला नको. ही तिचीच घोडेबाजारातली बहीण. म्हणून रेसच्या नियमांत, प्रत्येक घोडा त्याच्या पुऱ्या क्षमतेने पळवलाच पाहिजे, असा दंडक असतो. शर्यतीचे पंच, ज्यांना स्टुअर्ड म्हणतात, चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहून जॉकीला आणि ट्रेनरला बोलावून विचारतात, आणि स्पष्टीकरण पटले नाही तर परवाना निलंबित करतात. फुटबॉलमध्ये एखादा खेळाडू जीव तोडून खेळला नाही म्हणून त्याचा परवाना जात नाही. इथे तो जातो, यावरूनच या खेळाला धोका कुठून आहे हे कळते. पैजेने शर्यतीचे खेळपण नाहीसे केले नाही. त्या खेळपणावर पहारा बसवण्याची वेळ आणली.

पैजेच्या वादात एक पक्ष कायम बाहेर राहतो, आणि तो म्हणजे घोडा. आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या जागतिक संघटनेने खेळाची जी व्याख्या केली होती, तिच्यात स्पर्धेला नशिबाचा मुद्दाम घातलेला घटक नको, ही अट होती, तशीच कोणत्याही सजीवाला इजा पोहोचता कामा नये, हीही होती. नशिबाच्या अटीवर आपण इतकी चर्चा करतो, पण घोड्यांच्या शर्यतीला दुसरी अट अधिक जड जाते. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात, रक्तपुरवठा कमी असतो, आणि पाचशे किलोच्या आसपासचे धूड त्या बारीक हाडांवर तोललेले असते. हाड गंभीर मोडले तर ते सहजी सांधत नाही. फार काळ आडवे राहणे घोड्याला मानवत नाही आणि उरलेल्या पायांवर भार पडून त्यांचे खूर बिघडतात, म्हणून अनेकदा त्याला वेदनारहित मरण देण्यावाचून पर्याय नसतो. चाबकाचा प्रश्नही आहे. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या, शर्यतीत सहापेक्षा अधिक फटके मारण्यास बंदी आहे. आपल्या भागातल्या बैलगाडी शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी आणली ती याच मुद्द्यावर, आणि २०२३ मध्ये घटनापीठाने या शर्यतींना वाट मोकळी करणारी राज्याची कायद्यातली दुरुस्ती वैध ठरवली तीही चाबूक-काठीच्या छळाला आळा घालणाऱ्या अटी पाहूनच. त्या संपूर्ण खटल्यात पैजेचा मुद्दा गौण होता. करगणी-कागलच्या माळावर छकड्यांना जी कसोटी लागते, ती महालक्ष्मीच्या हिरवळीला कमी कडकपणे लागू पडावी असे मला वाटत नाही.

सरकारने मात्र या चर्चेत आपली बाजू करातून स्पष्ट केली आहे. आयकर कायदा रेसमध्ये पैजेवर जिंकलेल्या रकमेला लॉटरीच्या आणि पत्त्यांच्या जिंकण्याबरोबर एकाच ओळीत बसवतो, तिच्यावर सरसकट ३० टक्के कर घेतो आणि हरलेले पैसे त्यातून वजा करू देत नाही. शर्यतीचे घोडे पाळणाऱ्या मालकाचा तोटा मात्र तोच कायदा वेगळ्या कलमात, धंद्याच्या तोट्यासारखा, चार वर्षे पुढे ओढू देतो. खेळ आणि पैज यांतला फरक करवसुली खात्याला न्यायालयापेक्षा नेमका दिसला म्हणायचा. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत क्लबांचे म्हणणे असे होते, की कर फक्त आम्ही कापतो त्या हिश्शावर असावा. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के हे कायद्याने पक्के झाले आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्क्यांवर गेला. त्याच्या महिनाभर आधी संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि त्यात कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेदच ठेवला नाही. १९९६ च्या निकालाचा सगळा डोलारा ज्या भेदावर उभा होता तो मोबाइलपुरता मोडीत निघाला. वर मांडलेल्या एक लाखाच्या उदाहरणात चाळीस हजारांचा कर मिळवून पाहिला, तर आवारातल्या खिडकीपेक्षा चोरट्या बुकीचा भाव किती गोड लागेल हे सांगायला नको, आणि तिकडे गेलेल्या रुपयातून बक्षिसाला, प्रयोगशाळेला किंवा मोतद्दाराच्या पगाराला एक पैसाही परत येत नाही.